लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नेमकं काय बदललं? भौतिक, रासायनिक आणि केंद्रकीय बदलांची गोष्ट

जून २०२०. लॉकडाऊन चालू होतं, लोक घरात होते आणि मोबाइल हातात होता. अशात लोणार सरोवराचे फोटो आणि व्हिडिओ फिरू लागले. नेहमी हिरवट दिसणारं पाणी चक्क गुलाबी झालं होतं. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं अपशकुन. उल्का पडून झालेलं सरोवर म्हटल्यावर 'रेडिएशन' हा शब्दही आलाच.

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोकांसाठी लोणार तसं घरचंच. घाटाखालच्या पिंपळगाव राजाहून निघालात तर खामगाव मागे टाकून, घाट चढून मेहकरकडून लोणारला पोहोचता येतं. बहुतेक शाळांची सहल एकदा तरी तिथे जाऊन आलेली असते. पण एक गोष्ट सहलीत सहसा सांगितली जात नाही. विज्ञानाच्या पुस्तकात पदार्थांमधल्या बदलांचे जे प्रकार शिकवतात, ते सगळे या एका खड्ड्यात बघायला मिळतात: भौतिक बदल, रासायनिक बदल, आणि शाळेत जवळपास वगळलाच जाणारा तिसरा, केंद्रकीय बदल.

आधी फरक समजून घेऊ

सगळे पदार्थ अणूंचे बनलेले. अणू एकमेकांशी जोडले गेले की रेणू तयार होतो. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक अतिशय लहान केंद्रक असतं आणि बाहेर इलेक्ट्रॉन असतात.

भौतिक बदलात रेणू तेच राहतात, फक्त त्यांची मांडणी, अंतर किंवा जागा बदलते. बर्फाचं पाणी झालं, पाण्याची वाफ झाली, तरी रेणू पाण्याचाच. रासायनिक बदलात अणू तेच राहतात, पण त्यांची सोयरिक बदलते. जुने बंध तुटतात, नवे जुळतात आणि वेगळाच पदार्थ तयार होतो. हा सगळा व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा असतो, केंद्रकाला त्याचा पत्ताही नसतो. केंद्रकीय बदलात मात्र अणूच बदलतो. पोटॅशियमचा आर्गॉन होतो, युरेनियम फुटून त्याचे दोन वेगळेच अणू होतात.

म्हणजे कोणताही बदल दिसला की विचारायचं, काय शाबूत राहिलं? रेणू शाबूत असेल तर बदल भौतिक. रेणू गेला पण अणू टिकला, तर रासायनिक. अणूही टिकला नाही, तर केंद्रकीय. आता हाच प्रश्न घेऊन लोणारला जाऊ.

गुलाबी रंगाचा तपास

वनविभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. नासाच्या लँडसॅट-८ उपग्रहाने २५ मे आणि १० जून २०२० या दिवशी टिपलेल्या दोन छायाचित्रांतही फरक सरळ दिसत होता: आधी हिरवं, मग गुलाबी.

'रंग बदलला म्हणजे रासायनिक बदल झाला' हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. या हिशोबाने सरोवरभर रासायनिक अभिक्रिया झाली असं म्हणावं लागेल. पण आघारकरच्या शास्त्रज्ञांना काही वेगळंच दिसलं. नमुना स्थिर ठेवल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाणी गुलाबी झालंच नव्हतं! पाण्यात तरंगणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव गुलाबी होते. हे जीव म्हणजे हॅलोआर्किया. भरपूर मिठाच्या पाण्यातच ते सुखाने जगतात, आणि त्यांच्या अंगात कॅरोटिनॉइड गटातलं रंगद्रव्य असतं. गाजराला रंग देणारं द्रव्यही याच कुटुंबातलं.

मग हा बदल कोणता? सूक्ष्मजीव पाण्यात मिसळून तरंगले, हे भौतिक मिश्रण. गढूळ पाण्यासारखंच, फक्त माती गुलाबी. त्याआधी उन्हाळ्यात पाण्याची वाफ झाली, पातळी खाली गेली, क्षारांचं प्रमाण वाढलं, हाही भौतिक बदल. पण त्या जीवांनी आपल्या पेशीत रंगद्रव्य तयार केलं, तो अस्सल रासायनिक बदल. पावसाचं पाणी आल्यावर क्षार पातळ झाले आणि रंग ओसरला. रेडिएशनचा यात कुठेही संबंध नव्हता. इराणमधलं उर्मिया सरोवरही अशाच कारणाने लाल होतं, आणि तिथे कुठलाही उल्काखड्डा नाही.

निसर्गातला बदल असा सरमिसळ असतो. पाठ्यपुस्तकातल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात तो बसत नाही आणि परीक्षेत मात्र एकाच रकान्यात टाकावा लागतो.

पाणी खारं कसं झालं?

लोणारचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद. तो दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये कोरला गेलेला आहे. काठाच्या गोमुखाची धार बारमाही वाहते, तिचं पाणी गोडं. पावसाचं पाणीही गोडंच. मग तळ्यात पोहोचून ते खारट, तुरट, साबणासारखं बुळबुळीत का होतं?

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्ल बनतं. हे सौम्य आम्ल बेसॉल्टमधल्या खनिजांना हजारो वर्षं कुरतडत राहतं. त्यातून सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सुटे होऊन पाण्यात येतात. इथपर्यंत काम रासायनिक. पुढे ते पाणी खड्ड्यात साठतं, आणि खड्ड्याला बाहेर जायला वाटच नाही. बाहेर जातं ते फक्त वाफेच्या रूपात, क्षार मागेच ठेवून. हा भौतिक बदल. क्षार दाट होत गेले की कॅल्शियम कार्बोनेट आधी तळाशी बसतं आणि सोडियमचे क्षार उरतात: सोडियम कार्बोनेट आणि साधं मीठ.

सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. आपल्याकडचा पापडखारही याच कुळातला. म्हणून सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो. माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' वाचलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको की सात म्हणजे उदासीन आणि साडेआठच्या वर गेला की जमीन त्रास देते. दहा म्हणजे सातपेक्षा तीन पायऱ्या वर, आणि प्रत्येक पायरी दहापटीची. म्हणजे अल्कधर्मीपणा हजारपट. त्या पाण्यात बोटं बुडवून चोळली की ती बुळबुळीत लागतात. अल्कली आणि कातडीवरचं तेल यांच्यातून बोटांवर थोडासा साबण तयार होतो, म्हणजे तुमच्या हातावरच एक रासायनिक बदल घडत असतो.

लोकांनी या क्षारांचा उपयोग फार पूर्वीच ओळखला होता. अकबराच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे आणि काच व साबण बनवण्याचं साहित्य इथे मिळतं असं नोंदवलेलं आहे. क्षारांच्या प्रकारांना दल्ला, पापडी अशी स्थानिक नावंही होती. लवणासुराचा वध इथे झाला ही कथा सगळ्यांना माहीत असते. 'लवण' हे मिठाचंच नाव, हे त्या कथेतच सांगितलेलं आहे.

हाच प्रश्न घाटाखाली

थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बुलडाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत विहिरी-बोअरचं पाणी खारं लागतं. असं पाणी 'उकळून प्या, शुद्ध होतं' असा सल्ला फॉरवर्ड होत असतो. उकळल्याने जंतू मरतात, ते खरं आहे. पण मीठ जागचं हलत नाही. उलट पाण्याची थोडी वाफ होऊन गेली की मागे उरलेल्या पाण्यात क्षारांचं प्रमाण वाढतं. क्षार काढायचे तर पाण्याचे रेणू त्यांच्यापासून वेगळे करावे लागतात. ते आरओच्या पडद्यातून दाबून होतं किंवा वाफ करून ती पुन्हा थंड केल्यावर होतं. दोन्ही रस्ते भौतिकच, पण नुसत्या उकळण्याने त्यातलं एकही घडत नाही.

जमिनीचंही तसंच. खारवट जमिनीत क्षार नुसते मिसळलेले असतात, निचरा चांगला असेल तर गोड्या पाण्याने ते धुऊन निघतात. चोपण जमिनीत मात्र सोडियम मातीच्या कणांना धरून बसलेला असतो. तिथे कितीही पाणी सोडा, तो सुटत नाही. जिप्सम टाकलं की त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि मगच तो पाण्याबरोबर निघतो. दुखणं कोणत्या जातीचं आहे हे न ओळखता उपाय केला तर पाणी, पैसा आणि हंगाम तिन्ही वाया जातात.

दगड आदळला तेव्हा

आता लोणारच्या जन्माकडे. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचा खड्डा की आणखी काही, यावर वाद चालला. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि हा आघाताचा खड्डा असल्याचं पक्कं झालं. पुराव्यातला एक महत्त्वाचा साक्षीदार होता मॅस्केलिनाइट.

हा पदार्थ मोठा गमतीदार आहे. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं स्फटिकरूपी खनिज असतं. उल्केच्या धडकेने प्रचंड दाबाची लाट खडकातून गेली आणि त्या स्फटिकातली अणूंची शिस्तशीर रांग मोडली. उरली ती काच. कोणते अणू किती, हे बव्हंशी तेच, फक्त रचना विस्कटलेली. म्हणजे मुख्यतः भौतिक बदल. ज्वालामुखीत असा दाब तयार होत नाही, त्यामुळे मॅस्केलिनाइट सापडणं म्हणजे आघाताची सहीच.

'अणुबॉम्बसारखा स्फोट' असं वर्णन या घटनेचं नेहमी केलं जातं. ताकदीपुरतं ते ठीक आहे, पण जात वेगळी. उल्केची ऊर्जा निव्वळ वेगाची असते. सेकंदाला २० किलोमीटर वेग धरला तर एक किलो दगडात सुमारे ४८ किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. दगड कशाचा आहे याने फरक पडत नाही, त्यात स्फोटक काहीच नसतं. याउलट एक किलो युरेनियम-२३५ च्या सगळ्या केंद्रकांचं विखंडन झालं तर सुमारे १७ हजार टन टीएनटीइतकी ऊर्जा बाहेर पडते. लोणारला अणूंची केंद्रकं धडकेनंतरही होती तशीच राहिली. तरी दोन्ही प्रकारचे खड्डे दिसायला इतके सारखे, की अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी ॲरिझोनातला उल्काखड्डा समजून घेण्यासाठी नेवाडातल्या अणुचाचण्यांच्या खड्ड्यांशी त्याची तुलना केली होती. गैरसमज व्हायला जागा आहे, एवढं मान्य.

आणि तिसरा बदल: दगडातलं घड्याळ

मग केंद्रकीय बदल लोणारला कुठे आहे? तो खडकात आहे, आणि आत्ता हे वाचतानाही चालू आहे.

निसर्गातल्या पोटॅशियमचा एक अगदी छोटा वाटा, ०.०१२ टक्क्यांच्या आसपास, पोटॅशियम-४० या समस्थानिकाचा असतो. त्याचं केंद्रक अस्थिर आहे. सुमारे १२५ कोटी वर्षांत त्याचे निम्मे अणू बदलून जातात. त्यातले दहातले नऊ कॅल्शियम होतात आणि साधारण एक आर्गॉन होतो. या बदलाचा वेग खडक तापवून, दाबून किंवा आम्लात टाकून बदलत नाही. कारण उष्णता आणि आम्लं इलेक्ट्रॉनांच्या अंगणापर्यंतच पोहोचतात, केंद्रकाच्या घरात त्यांना प्रवेश नाही. म्हणूनच हे घड्याळ भरवशाचं.

आर्गॉन हा वायू, तोही कुणाशीही सोयरिक न करणारा. खडक वितळला की तो निसटून जातो, हा भौतिक बदल. खडक पुन्हा थिजला की नवा आर्गॉन आत अडकून साठायला लागतो. म्हणजे उल्का आदळून जो खडक वितळला, त्याचं घड्याळ शून्यावर आलं आणि तिथून पुन्हा चालू झालं.

या मोजणीत किती बारकावा लागतो ते आकड्यांत बघा. पोटॅशियम-४० चे एक लाख अणू घेतले तर ५ लाख ७० हजार वर्षांत त्यातले जेमतेम ३२ बदलतात, आणि त्यातले तीन-चारच आर्गॉन होतात. आता मूळ बेसॉल्टचा विचार करा. तो साडेसहा कोटी वर्षांहून जुना. तेवढ्या काळात लाखामागे सुमारे ३,६०० अणू बदलले आणि त्यांपैकी सुमारे ३८० आर्गॉन झाले. धडकेच्या वेळी खडक नीट वितळला नाही आणि त्यातला फक्त एक टक्का जुना आर्गॉन, म्हणजे लाखामागे चारच अणू, आत राहून गेले, तर खड्ड्याचं वय थेट दुपटीहून जास्त निघेल! एका भौतिक बदलाच्या अपुरेपणामुळे केंद्रकीय घड्याळ खोटं सांगू लागेल.

लोणारच्या वयाचा वाद यामुळेच रंगला. १९९७ मध्ये तापदीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं होतं. या पद्धतीत खनिजांच्या स्फटिकात अडकून पडलेले इलेक्ट्रॉन तापवून सोडवतात आणि निघणारा उजेड मोजतात. २०११ मध्ये जॉर्दां आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीने मोजलेलं वय प्रसिद्ध झालं: ५,७०,००० वर्षं, ४७,००० इकडे-तिकडे. दहापटीहून जास्त! जुन्या माहितीफलकांवर आणि कित्येक पोस्टमध्ये अजून ५० हजारच सापडतं. माझा कल आर्गॉनच्या आकड्याकडे आहे, कारण त्यात धडकेने वितळलेला खडकच थेट मोजलेला आहे.

या पद्धतीतली आणखी एक गंमत. मोजण्याआधी खडकाचा नमुना अणुभट्टीत ठेवतात. तिथे न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यातल्या काही पोटॅशियम-३९ चं आर्गॉन-३९ होतं. मग नमुना हळूहळू तापवून निघणाऱ्या दोन्ही आर्गॉनचं प्रमाण मोजलं जातं. म्हणजे निसर्गात आपोआप झालेला केंद्रकीय बदल मोजायला माणसाने मुद्दाम घडवलेला केंद्रकीय बदल वापरायचा.

'रेडिएशन' म्हणून घाबरण्याआधी एवढं लक्षात घ्या: पोटॅशियम-४० लोणारच्या दगडात आहे तसं तुमच्या शरीरातही आहे. सत्तर किलोच्या माणसात दर सेकंदाला त्याची चार हजारांच्या वर केंद्रकं बदलतात. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन आहे, तोही बहुतेक सगळा याच मार्गाने जमा झालेला.

चांदी, आणि शाळेतला तो नियम

'उलट करता आला तर भौतिक, नाही आला तर रासायनिक' हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. तो चुकीचा आहे. फाटलेला कागद पुन्हा अखंड होत नाही, तरी फाटणं भौतिकच. मोबाइलची बॅटरी रोज चार्ज होते आणि उतरते, म्हणजे रासायनिक बदल रोज उलटा-सुलटा फिरतो.

खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध, तेव्हा चांदीचंच उदाहरण घ्या. चांदी ९६२ अंशांना वितळते आणि साच्यात ओतली की मूर्ती होते, हा भौतिक बदल. तेच पैंजण कपाटात काळं पडतं, कारण हवेतल्या गंधकयुक्त वायूशी संयोग होऊन त्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. हा रासायनिक बदल, पण उलटवता येतो. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी घेऊन चांदी फॉइलला टेकवून ठेवा. गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी चांदीतच परत येते. पावडरीने घासलं तर मात्र काळा थर चांदीसकट खरवडला जातो. चकाकी दोन्हीकडे सारखी, पण घासण्यात दरवेळी थोडं वजन जातं. दागिना मुलामा दिलेला किंवा खड्यांचा असेल तर फॉइलचा प्रयोग करू नका, सोनाराला विचारा.

आता 'केमिकलने तांब्याचं सोनं', 'पाऱ्यापासून सोनं', 'सोनं दुप्पट करून देतो' या भूलथापा. एका मूलद्रव्याचं दुसरं करायला केंद्रक बदलावं लागतं, आणि कोणत्याही रसायनाचा, भट्टीचा किंवा मंत्राचा हात तिथे पोहोचत नाही. शिशाचं सोनं खरंच झालेलं आहे, पण सर्नच्या महाकाय यंत्रात शिशाची केंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांजवळून नेल्यावर. २०१५ ते २०१८ या काळात तिथल्या प्रयोगांत एकूण २९ पिकोग्रॅमच्या आसपास सोनं तयार झालं. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले २९, तेही क्षणभर टिकून नाहीसे झाले. अंगणात चूल मांडून बसलेला माणूस त्यापेक्षा जास्त देणार असेल, तर तो ते तुमच्याच डब्यातून काढणार आहे.

पारस आणि तारापूर

ऊर्जेतला फरक बघायचा असेल तर शेगावहून अकोल्याकडे जाताना रेल्वेच्या खिडकीतून पारसच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या बघा. तिथे कोळसा जळतो. कार्बनचा एक अणू ऑक्सिजनशी जुळला की जवळपास ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून वीज बनते आहे, तिथे युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट सुटतात. म्हणजे एका केंद्रकाची बरोबरी करायला कार्बनचे पाच कोटी अणू जाळावे लागतात. म्हणून पारसला कोळशाच्या मालगाड्यांची रांग सतत लागते आणि राखेचे ढीग साठतात. तारापूरला इंधन थोडकं लागतं, पण वापरून झालेलं इंधन वर्षानुवर्षं सांभाळून ठेवावं लागतं, कारण त्यातले केंद्रकीय बदल भट्टी बंद केल्यावर थांबत नाहीत. राखेचं तसं नसतं. आग विझली की रासायनिक बदल थांबतो आणि राख थंड होते.

आणि गंमत म्हणजे एकीकडे रासायनिक, दुसरीकडे केंद्रकीय बदल करून दोन्ही केंद्रं शेवटी काम एकच करतात: पाणी उकळून त्याची वाफ करायची आणि तिने टर्बाइन फिरवायचं. लोणारच्या तळ्यावर मे महिन्याच्या उन्हात पाण्याचं जे होतं, तेच.